जुनी भाषा, नवे विद्यार्थी : ब्राउझरमधून कोबॉल शिकविताना

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासिकेत दर रविवारी आम्ही संगणकाचा जो लहानसा वर्ग चालवितो, त्याविषयी चार शब्द बोलावेत, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे. संगणकशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर उशिरा शिकलेला एक विद्यार्थी म्हणून आम्ही बोलणार आहोत.

१९९८ साली आम्ही बी. ए. ला होतो. त्या काळी जिकडेतिकडे 'वाय-टू-के'ची चर्चा होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिलेले असत. ९९ नंतर ०० येणार आणि यंत्र ते १९०० समजणार, ही भीती होती. असे पुष्कळसे प्रोग्रॅम कोबॉल भाषेत होते, म्हणून कोबॉल जाणणाऱ्यांना मागणी आली. आम्हीही एका खासगी क्लासमध्ये नाव घातले. फीसाठी वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढले. क्लासमध्ये एका संगणकापुढे चौघे बसत. कळफलकाला हात लागे तो शेवटच्या दहा मिनिटांत. चूक झाली तर ती सुधारायला पुढचा आठवडा उजाडावा लागे. एक दिवस शिक्षक म्हणाले, "आर्ट्सवाल्यांचे हे काम नव्हे." आम्ही ते खरे मानले आणि क्लास सोडला. हप्ते मात्र वडील पुढे वर्षभर फेडीत राहिले.

आज मागे वळून पाहताना वाटते, आमच्यात बुद्धीची उणीव नव्हती. उणीव होती ती चुका करण्याच्या संधीची. शिकणारा शंभर चुका करून शिकतो. आम्हाला आठवड्याला एकच चूक परवडत होती.

ही संधी आता खिशातल्या फोनवर आली आहे. जेडूडल, वनकंपायलर यांसारख्या संकेतस्थळांवर ब्राउझरमध्येच कोबॉल लिहिता येते. आपण लिहिलेला मजकूर दूरच्या संगणकाकडे जातो. तेथे कंपायलर, म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्रॅम, त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. या कामी ग्नूकोबॉल नावाचा मोफत कंपायलर उपलब्ध आहे. तो कोबॉलचे आधी सी भाषेत आणि मग यंत्रभाषेत रूपांतर करतो. प्रोग्रॅम तिकडेच चालतो आणि उत्तर आपल्या पडद्यावर येते. त्यामुळे हाती साधा फोन असला तरी भागते. काही विकत घ्यावे लागत नाही, काही बसवावे लागत नाही.

काही सभासदांनी विचारले, "इतकी जुनी भाषा कशाला? पायथन का नाही?" प्रश्न रास्त आहे. कोबॉलचा जन्म १९५९ सालचा. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेत पेंटागॉन येथे बैठक झाली आणि व्यापारी हिशेबांसाठी सर्व यंत्रांवर चालेल अशी एकच भाषा असावी, असे ठरले. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव आहे. सूत्रांऐवजी सामान्य माणसाला वाचता येतील अशा शब्दांत यंत्राला आज्ञा देता याव्यात, हा हॉपर यांचा आग्रह होता. घडविणाऱ्यांत जीन सॅमेट या दुसऱ्या विदुषीही होत्या. १९६० च्या डिसेंबरमध्ये एकच प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आला. म्हणजे ही भाषा मुळातच हिशेब ठेवणाऱ्यांसाठी झाली; आणि आम्हाला हिशेबच ठाऊक आहे. जे आपल्याला येते तेथून शिकवावे, हे आमचे साधे धोरण.

पहिल्या रविवारी आमची फजिती झाली. आम्ही फळ्यावर दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, मुलांनी तो फोनवर उतरविला आणि एकाचाही चालला नाही. घरी जाऊन शोध घेतला तेव्हा कारण कळले. कोबॉल जन्मले तेव्हा प्रोग्रॅम ऐंशी रकान्यांच्या छिद्रित पत्त्यांवर लिहीत. पहिले सहा रकाने ओळीच्या क्रमांकाचे, सातवा खुणेचा, आणि आठव्यापासून खरा मजकूर. मुलांनी पहिल्याच रकान्यापासून लिहिले होते. पुढे २००२ च्या प्रमाणकात मोकळी मांडणी आली आणि आता तशी सूचना देऊन रकान्यांचे बंधन टाळताही येते. पण आम्ही पुढच्या रविवारी चौकटीचा कागद वाटला आणि सात घरे सोडून लिहायला लावले. नियमामागचे कारण कळले की तो जाचक वाटत नाही.

फोनच्याही खोड्या असतात. शब्दानंतर दोनदा जागा सोडली की काही फोन आपणहून पूर्णविराम टाकतात, आणि कोबॉलमध्ये पूर्णविराम म्हणजे वाक्य संपले. नको तेथे पूर्णविराम पडला की अर्थ बदलतो. सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हे आली तरी प्रोग्रॅम अडतो. म्हणून फोनमधील या सोयी आधी बंद करायच्या, हा आमचा पहिला पाठ झाला.

इंग्रजीची धास्ती घालविण्यासाठी आम्ही फक्त सहा शब्द घेतले : मूव्ह, अ‍ॅड, सबट्रॅक्ट, अ‍ॅक्सेप्ट, डिस्प्ले आणि पर्फॉर्म. प्रोग्रॅमचे चार विभाग आम्ही बँकेच्या भाषेत सांगितले. पहिल्यात नाव, दुसऱ्यात यंत्राची माहिती, तिसऱ्यात खातेवहीचे रकाने आणि चौथ्यात प्रत्यक्ष काम. प्रत्येक रकान्यात किती अंक मावतील हे 'पिक्चर' लिहून आधीच सांगावे लागते. पाच अंक रुपयांना, दोन अंक पैशांना. कोबॉल हा हिशेब दशमान पद्धतीने ठेवते. उलट ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर ०.३ च्या पुढे शून्यांची रांग येऊन शेवटी ४ चा आकडा दिसतो. दोन्ही उत्तरे मुलांनी शेजारी शेजारी पाहिली. यंत्राचे गणित म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे त्यांना एका मिनिटात कळले.

एक प्रसंग सांगतो. तीन अंकी रकान्यातील १५० ही रक्कम आम्ही दोन अंकी रकान्यात हलवायला सांगितली. उत्तर आले ५०. प्रोग्रॅम थांबला नाही, ओरडला नाही. अकरावीतील एका मुलीने विचारले, "सर, शंभर रुपये गेले कुठे? आणि ते कुणाला कळणार?" आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला "कॉम्प्युटरमध्ये असेच दाखवतेय" असे आम्ही स्वतः कितीदा सांगितले असेल! रकाना लहान ठेवला तो माणसानेच. यंत्राने दाखविले म्हणून मान डोलावणारा एक, आणि शंभर रुपये कुठे गेले असे विचारणारी दुसरी, हा फरक घडविण्यासाठीच हा वर्ग आहे. उत्तर शोधताना त्याच मुलीने वाय-टू-केचे कारणही स्वतःच ओळखले : तेथेही रकाना दोनच अंकांचा होता.

आता या साधनांच्या मर्यादा. कोबॉलचे खरे काम लाखो नोंदींच्या फायली रात्रीतून तपासण्याचे; तो अनुभव येथे मिळत नाही. मोठ्या मेनफ्रेम यंत्रांची कार्यपद्धती वेगळी शिकावी लागते. काही संकेतस्थळांवर प्रोग्रॅमला लागणारे आकडे आधीच वेगळ्या चौकटीत भरावे लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे : लिहिलेले सारे परक्याच्या संगणकावर जाते. म्हणून कुणाचाही खरा खातेक्रमांक, आधार क्रमांक वा फोन नंबर तेथे टाकायचा नाही. सरावासाठी नावे व रकमा मनच्याच घ्याव्यात. स्वतःचे काम वहीत उतरवून ठेवावे.

नोकरीविषयी खोटी आशा आम्ही दाखविणार नाही. १९९८ साली ती आम्हाला दाखविली गेली होती. कोबॉल आजही बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांत चालते. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाकाळात बेकारभत्त्याचे अर्ज वाढले, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणाऱ्यांची मदत जाहीरपणे मागावी लागली. तरीही केवळ रविवारच्या वर्गाने नोकरी मिळत नाही. येथून पुढे पायथन, एसक्यूएल शिकावे लागेल, पदवी पूर्ण करावी लागेल. येथे मिळते ती पहिली पायरी, आणि 'हे आपल्याला जमते' हा विश्वास.

सभासदांना एकच विनंती. या वर्गाला पैशांपेक्षा वेळ हवा आहे. रविवारी दोन तास अभ्यासिकेत बसून, मुलाच्या चुकीवर न हसता, "पुन्हा करून बघ" एवढे म्हणणारी माणसे हवी आहेत. संगणक येत नसला तरी चालेल. आमच्या वडिलांनाही तो येत नव्हता. पण फेडलेल्या हप्त्यांच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्या क्लासचा अभ्यासक्रम पूर्ण व्हायला पंचवीसहून अधिक वर्षे लागली, आणि तो पूर्ण झाला तो या मुलांबरोबर, याच अभ्यासिकेत.