शरीराची हाळी
(कपिलधार येथील भाषण)



कार्तिकी पौर्णिमेला आपण मन्मथस्वामींच्या यात्रेला कपिलधारला येतो. त्या दिवसांत या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळे पिकतात. ज्या बाईंची माहिती आम्ही आज सांगणार आहोत, त्यांनी एम.एस्सी.साठी अभ्यास केला तो या सीताफळाच्या कुळातल्या झाडांचाच. त्यांचे नाव कमल रणदिवे.

कमलाबाईंचा जन्म पुण्याला १९१७ साली झाला. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा. कमलाबाईंचे मन मात्र संशोधनात होते. १९४९ साली मुंबईला डॉ. खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे एक विद्या शिकून आल्या. ती म्हणजे काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची.

आता पेशी म्हणजे काय? भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर पेशींचे. फरक एवढाच, की वीट निर्जीव असते आणि पेशी जिवंत असते. ती खाते, वाढते, आणि शेजारच्या पेशीला निरोपही धाडते.

पेशी निरोप कसा धाडते? रानात डुक्कर शिरले, की माळ्यावरचा राखणदार हाळी देतो. ती ऐकून शेजारच्या शेतातला माणूस गोफण घेऊन उभा राहतो. पेशींचेही तसेच असते. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी हे दाखवून दिले. त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे काचेच्या नळीत जिवंत ठेवले. त्यांवर फ्लूचे मेलेले विषाणू टाकले. मग त्या नळीतले पाणी काढून दुसऱ्या ताज्या तुकड्यांना दिले. आता त्या तुकड्यांवर फ्लूचे जिवंत विषाणू सोडले, तरी ते वाढेनात! पहिल्या पेशींची हाळी पाण्यातून दुसऱ्या पेशींना पोचली होती. त्या हाळीच्या द्रव्याला त्यांनी नाव दिले, इंटरफेरॉन.

पुढे कळले, की इंटरफेरॉन एकच नाही, त्याचे प्रकार आहेत. त्यातल्या एका प्रकाराचा संबंध कुष्ठरोगाशी येतो. ज्याला आपल्याकडे महारोग म्हणत, तोच हा रोग. लोक म्हणत, हे मागल्या जन्मीचे पाप. ते खरे नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली तो जंतू पाहिला. हा जंतू अंगात शिरला, तरी बहुतेकांना रोग होत नाही. त्यांच्या रक्तातले पहारेकरी हाळी देतात, आणि जंतू गिळणाऱ्या पेशी जाग्या होऊन त्याला मारतात. ज्याच्या अंगात ही हाळी नीट उठत नाही, त्याच्या अंगात जंतू माजतो. यात त्या माणसाचा काय दोष?

कुष्ठरोगाचा जंतू काचेत वाढत नाही. आजवर कुणालाच ते साधले नाही. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी एका रोग्याच्या गाठीतून एक जंतू काढून वाढवला. तो त्याच जंतूचा भाऊबंद निघाला. पण भाऊबंदही कामाला आला. त्याला मारून मुंबईत डॉ. माधव देव यांच्या मंडळींनी लस बनवली. तमिळनाडूत दीड लाखाहून जास्त माणसांवर निरनिराळ्या लसी तपासल्या. त्याचा निकाल १९९८ साली आला. या लसीने शंभरातल्या सुमारे पासष्ट जणांचा रोग टळतो, असे दिसले. मेलेला भाऊबंद दाखवला, तरी शरीराचे पहारेकरी खरा चोर ओळखायला शिकतात, ते असे.

ती लस गावोगाव पोचली नाही. पण औषध पोचले आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर न चुकता घ्यावे लागते. रोग पुरा बरा होतो.

म्हणून आमचे एवढेच सांगणे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला, आणि तिथे हात लावलेला कळत नसेल, तर झाकून ठेवू नका. उशीर केला, तर नसा मरतात, बोटे वाकडी होतात, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होणे अवघड. घरच्या माणसाला चट्टा दिसला, तर त्याचे ताट वेगळे काढू नका, त्याला घेऊन दवाखान्यात चला.

पेशीसुद्धा शेजारणीला हाक देते. आपण तर माणसे आहोत.