‘काहीतरी चावलं असेल’ म्हणून सोडू नका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक यांनी केलेलं भाषण)



बचत, हप्ते, ठराव सगळं झालं. अध्यक्षताई म्हणाल्यात, जेवणाच्या आत आटोप, म्हणून सरळ विषयावर येते. गेल्या महिन्यात मी ज्या ज्या गटात गेले, तिथं कुणी ना कुणी हात नाहीतर पाय पुढं करून विचारलंच, “मॅडम, पाहा बरं, हे काय चावलं असंल?” पावसाळा आहे, हे होणारच. मी काही डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली पोरगी आहे. पण यातलं बरंचसं आपलं आपल्याला ओळखता येतं. चावणारा किडा सहसा सापडत नाही. मग बघायचं काय, तर अंगावर कुठं चावलं, कोणत्या वेळी लक्षात आलं, आणि घरात आणखी कुणाला तसंच झालंय का.

ढेकणापासून सुरुवात करते, कारण ढेकूण घरात आहेत हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही. लाज वाटते. अहो, ढेकूण बंगल्यातही असतात, रेल्वेतही असतात, पाहुण्यांच्या पिशवीतूनही येतात. सकाळी उठल्यावर उघड्या राहिलेल्या अंगावर, म्हणजे हात, मान, खांदा इथं तीन-चार लाल गांधी ओळीनं किंवा घोळक्यानं दिसल्या, तर आधी खाटेचे सांधे आणि गादीची शिवण बघा. तिथं बारीक काळे ठिपके असतील तर ढेकूण आहेत. त्यांच्यामुळं रोग पसरत नाही, पण झोप जाते आणि खाजवून जखमा होतात. उपाय उष्णतेचा. खाटेच्या फटीत उकळतं पाणी ओता, गोधड्या-चादरी कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. आणि आठ दिवसांनी हे सगळं परत करा. पहिल्या वेळी राहिलेली अंडी तोवर फुटलेली असतात. इथंच बहुतेकींचं चुकतं. एकदाच करतात आणि म्हणतात, “काही फरक नाही पडला.”

रॉकेल ओतू नका. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, कपाशीवर फवारायचं औषध घरात, खाटेवर, लेकरांच्या डोक्याला उवांसाठी अजिबात लावू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ते तर उघड्या शिवारात होते. बंद खोलीत तेच औषध मारून त्याच खाटेवर लेकरू झोपवायचं म्हणजे काय?

आता ढेकणासारखीच वाटणारी, पण चावा नसलेली गोष्ट, खरूज. एका गटातल्या ताईंनी दुकानातून आणलेल्या मलमांवर तीन महिने पैसे घातले. लावलं की चार दिवस बरं, मग दुप्पट खाज. या दुकानी मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानं खाज दबते, आजार तसाच राहतो. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही, तो कातडीच्या आत घर करतो. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, कमरेला असते, आणि घरात दोघा-तिघांना असते. ही खूण पक्की धरा. ढेकूण अंगाच्या उघड्या भागाला चावतो, खरूज झाकलेल्या भागात जास्त असते. औषध आरोग्य केंद्रातून घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा, ज्याला खाज नाही त्यानंसुद्धा. सासूबाई म्हणतात, “मला काही नाही, मी कशाला लावू?” तिथूनच ती परत घरभर फिरते. औषधानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, म्हणून घाबरून दुसरं मलम सुरू करू नका.

घोट्याजवळ, पोटरीवर बारीक लाल ठिपके आणि मधोमध टोचल्याची खूण असेल, तर त्या पिसवा. कुत्रं, मांजर, उंदीर यांच्या अंगावरून येतात. जनावर झोपतं ती जागा झाडा, तिथलं अंथरूण गरम पाण्यात धुवा. घरात एकदम पिसवा वाढल्या आणि उंदीरही मरून पडताना दिसले, तर ते झाडून फेकू नका, हात लावू नका, आशाताईंना सांगा. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग आला तेव्हा आधी उंदीर मेले होते, पिसवांचा त्रास वाढला होता.

डासाचं तुम्हाला नव्यानं सांगायला नको. एवढंच लक्षात ठेवा की डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून रांजण, टाकी आठवड्याला कोरडी करायची.

गांधीलमाशी, मधमाशी चावली तर कळतंच. मधमाशीचा काटा आत राहतो, तो नखानं खरवडून लगेच काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. साबणानं धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. चुना, तंबाखू काही नको. पण ओठ, चेहरा सुजला, दम लागला, चक्कर आली, किंवा पोळंच उठून अंगावर आलं, तर पट्टीत वेळ घालवू नका. दवाखाना.

दिव्यावर येणारा केशरी-काळा, मुंगीएवढा लांबट किडा माहीत आहे ना? तो चावत नाही. आपण तो अंगावर चिरडतो आणि त्याच्या रसानं भाजल्यासारखा पट्टा उठतो, दुसऱ्या दिवशी फोड येतात. बऱ्याच जणी “नागीण झाली” म्हणून उतारा करायला जातात. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर साबणानं धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

आतापर्यंतचं बहुतेक घरी निभावतं. पुढच्या तीन गोष्टी घरी निभावत नाहीत.

पहिली, ताप. पावसाळ्यात गवत कापायला, निंदायला आपण वाकतो. तिथल्या बारीक किड्याच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. चावा दुखत नाही, खाजतही नाही. काही दिवसांनी थंडीताप, डोकं ठणकतं, आणि चावल्या जागी सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीजवळ असते. पुरुष डॉक्टरला दाखवायला लाजतो आणि सांगतच नाही. तायांनो, सांगा. निदान नर्सताईंना तरी सांगा. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर जीव जातो.

दुसरी, विंचू. जागा ठणकणं वेगळं, पण घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर विष अंगात भिनलं. लेकरू असेल तर लक्षणांची वाटच बघू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, आणि जिथं माणसं मरत होती तिथं वाचायला लागली. गोळी डॉक्टरच देणार, आपलं काम तिथवर पोचवायचं.

आणि तिसरी, जिच्यासाठी मी आज हा विषय घेतला. मण्यार. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की दुखत नाही, सूज नाही, कधीकधी खूणही दिसत नाही. माणूस म्हणतो “मुंगी चावली असंल” आणि कूस बदलतो. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते. घरचे म्हणतात रात्रीचं शिळं बाधलं. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोबडी वळते, आणि श्वास थांबतो. रात्री जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे असं करायला लागलं, तर चावा दिसो न दिसो, साप समजूनच निघायचं. कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, बुवाकडं थांबायचं नाही. साप मारून न्यायची गरज नाही, कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर औषध एकच आहे आणि सरकारी रुग्णालयात ते फुकट मिळतं. जमेल तिनं खाटेवर झोपा. नाहीच जमलं तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. डासही जातील, सापही आत येणार नाही.

पण रात्री दोन वाजता घरधनी बाहेरगावी, सासरे म्हणतात सकाळी बघू, हातात पैसे नाहीत, तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा? इथं गटाचं काम आहे. १०८ ची गाडी फुकट आहे, ती यायला उशीर असेल तर गावात कुणाची गाडी मिळते, त्याचा नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आणि प्रत्येकीच्या घरात भिंतीवर हवा. आणि अशा वेळी बैठकीची वाट न बघता अध्यक्ष, सचिव दोघींच्या होकारावर तातडीचं कर्ज देता येईल, असा ठराव प्रत्येक गटानं या महिन्यात घ्यावा, अशी माझी सूचना आहे. रक्कम किती ते तुम्ही ठरवा. पुढच्या सभेला येताना ठरावाची प्रत सोबत आणा, मी एकेक गट वाचून घेणार आहे.

चला, जेवण वाढलंय.