कुणासाठी?

आपल्याकडे मुलगी 'मी जाते' म्हणते आणि मुलगा 'मी जातो'. उर्दूतही क्रियापद असंच बोलणाऱ्याची जात सांगतं. पण उर्दू गझलेत शेकडो वर्षं बोलणारा पुरुषच असे. बायका गझल लिहीत, तेव्हा बहुधा त्याही स्वतःबद्दल पुल्लिंगी क्रियापदच वापरत. म्हणजे मनातलं सांगायचं तर आधी पुरुषाचा अंगरखा चढवायचा! आपल्या दख्खनीत विजापूरच्या हाश्मींनी सतराव्या शतकात बाईच्या तोंडून गझला लिहिल्या खऱ्या, पण लेखणी धरणारा हात पुरुषाचाच होता.

१९७६ साली कराचीच्या परवीन शाकिरचा 'खुशबू' हा पहिला संग्रह आला. तेव्हा ती चोविशीच्या आसपास होती. अदा जाफरी, किश्वर नाहीद, फहमीदा रियाझ तिच्या आधीच्या; वाट अगदीच नवी नव्हती. पण परवीनच्या कवितेत सरळ एक 'लडकी' बोलू लागली. ही मुलगी नटते, पाऊस बघते, कुणाची तरी वाट बघते. आपण कुणाला तरी सुंदर दिसावं, असं तिला वाटतं आणि ते ती लपवत नाही. काहींना हे कोवळं, हळवं वाटलं. मला स्वतःला तिच्या पुढच्या कविता अधिक आवडतात. कॉलेजात शिकवणं, मग कस्टम्समधली नोकरी, मोडलेला संसार, हे सगळं त्यांत उतरलं आहे. तिच्या पुढच्या एका संग्रहाचं नावच 'खुदकलामी', म्हणजे स्वतःशी बोलणं. २६ डिसेंबर १९९४ रोजी इस्लामाबादेत मोटार अपघातात ती गेली. वय अवघं बेचाळीस.

तरीही 'खुशबू'ला हळवं म्हणताना हल्ली माझी जीभ अडखळते. त्याला कारण आमच्या नात्यातली एक मुलगी. दहावीनंतर ती घरीच होती. दिवसभर मशीनवर दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे शिवायची. घरातली सगळी कामावर गेली की बोलायला कुणी नाही. एकदा कपाटातल्या कागदाखाली तिची वही सापडली. परवीनच्या कविता तिने देवनागरीत उतरवून घेतल्या होत्या. काही कवितांच्या कडेला पेनानं वेलबुट्टी काढलेली.

घरात गहजब झाला. कुणासाठी हे? मुलगा कोण? कुणीच नव्हतं. आणि तेच कुणाला खरं वाटेना. कुणी नसतानाही एखादीला प्रेम हवंसं वाटतं, एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात शिरेना. शेवटी कवी म्हणून वही माझ्याकडे आली. म्हणे, तुम्ही विचारा, तुम्हाला सांगेल.

मी विचारलंही. तीस वर्षं प्रेमकविता छापणाऱ्या मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिने मान वर केली नाही. सुईत दोरा ओवत म्हणाली, "भाईजान, तुमच्या कवितेतली ती कोण, हे घरात तुम्हाला कधी कुणी विचारलं?"

मी वही मशीनवर ठेवली आणि बाहेर आलो.