न बोलावता आलेल्याला उत्तर नको

(तळेरे येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आज हप्ते, व्याज, थकबाकी यावर बोलणार नाही. आपल्या संघाच्या कॉम्प्युटरबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

ऑडिटच्या वेळी लॅपटॉपवरून प्रिंट निघत नव्हती. प्रिंटर ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेला. घाईत मी दोन्हीकडची फायरवॉल बंद करून टाकली. प्रिंट निघाली आणि मी विसरून गेले. तोच लॅपटॉप घेऊन प्रशिक्षणाला गेले, लॉजच्या वायफायला जोडला. बारा दिवसांनी लक्षात आलं. काही गेल्याचं दिसलं नाही. पण त्यात तुमच्या आधार कार्डच्या प्रती, पासबुकांचे नंबर, कर्जाचे अर्ज होते. ती माहिती माझी नव्हती, तुमची होती.

हे सांगितल्यावर एक काकी म्हणाल्या, "अगो बाय, दार तर बंद आसा. चोर शिरतलो तरी खंयसून?"

काकी, कॉम्प्युटरला नेटवर्कच्या बाजूने ६५ हजारांहून जास्त दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. एकाच वायफायवरचा दुसरा कॉम्प्युटर ही दारं एकेक करून ठोठावू शकतो. हे काम माणूस नाही, प्रोग्रॅम करतो, म्हणून तो दमत नाही.

ठोठावल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. दार उघडं असेल तर कॉम्प्युटर म्हणतो, "या." बंद असेल आणि फायरवॉलही बंद असेल, तर म्हणतो, "इथे कोणी नाही." आता बघा, घरातूनच कोणी ओरडून सांगितलं की घरात कोणी नाही, तर बाहेरच्याला काय कळेल? घरात माणूस आहे हेच ना! तिसरी गोष्ट म्हणजे गप्प राहणं. विंडोजची फायरवॉल चालू असली की न बोलावता आलेल्याला ती उत्तरच देत नाही. ठोठावणारा वाट बघतो आणि पुढे जातो.

दार उघडं राहिलं तर काय होतं, ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस ४४५ नंबरच्या दारातून एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात शिरत गेला. समोरच्याने काही क्लिक करायचीही गरज नव्हती. फाइली कुलूपबंद करून तो पैसे मागायचा. मायक्रोसॉफ्टने त्यावरचं अपडेट मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते अडकले.

मग नुसतं गप्प राहिलं की झालं का? नाही. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला, म्हणजे बोलावलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून. आत आल्यावर मात्र कॉम्प्युटरमागून कॉम्प्युटर घेत गेला. त्याचा फटका उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला आणि तिथलं काम अडकलं. कुठे युक्रेन, कुठे उरण!

म्हणजे फायरवॉल अनोळखी माणसाला बाहेर ठेवते, पण आपण आतून कडी काढली तर ती काही करू शकत नाही. "बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका, स्क्रीन दाखवा" असा फोन आला आणि आपण ऐकलं, की दार आपणच उघडलं.

आता कामाचं. प्रत्येक गावातल्या हिशेबनीस ताईंनी हे एकदा करून बघा:

१. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, त्यात 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'. तिथे डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक अशी तीन नावं दिसतील. तिन्हींपुढे 'ऑन' हवं.

२. नवीन वायफाय जोडल्यावर ते 'पब्लिक'च ठेवा. 'प्रायव्हेट' फक्त आपल्या ऑफिसच्या वायफायला.

३. प्रिंटर अडला तर माझ्यासारखी फायरवॉल बंद करू नका. तिथेच 'अलाऊ ॲन ॲप' मध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' एवढंच, आणि 'प्रायव्हेट'पुरतंच सुरू करा. एका कामासाठी एकच दार.

४. एखादा प्रोग्रॅम अचानक 'अलाऊ ॲक्सेस' विचारू लागला आणि तो कशाचा ते कळलं नाही, तर 'कॅन्सल'. मग मला फोन करा.

५. अपडेट टाळू नका, पण ते विंडोजच्या सेटिंगमधूनच घ्या. फोनवर किंवा मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून नको.

६. हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा आणि तो कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवा.

आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आपल्या गटाची पेटी आठवते? तीन किल्ल्या तीन ताईंकडे असायच्या. एकटीला उघडता येत नसे आणि त्याचा कुणाला रागही येत नसे. आता पेटीच्या जागी कॉम्प्युटर आलाय. शिस्त तीच ठेवूया. पुढच्या सभेत मी स्वतः प्रत्येक गावाला विचारणार आहे, "तिन्हीपुढे ऑन आहे ना?" आणि तुम्हीही मला विचारा.