वडिलांचा ठेवा

(महोत्सवाच्या मिस्सानंतर धर्मग्रामांतील कुटुंबांपुढें केलेलें भाषण)



आज या मंदिराच्या महोत्सवानिमित्त आपण पुष्कळांचे आभार मानले. ज्यांनीं जमीन दिली, ज्यांनीं डोक्यावरून दगड वाहिले, ज्यांनीं वाडींतील केळीच्या घडांच्या पैशांतून घंटेसाठीं कांहीं बाजूस काढून ठेवलें, त्या सर्वांचें स्मरण झालें. तें योग्यच झालें. परंतु एका ऋणाचा उच्चार अद्याप राहिला आहे. ज्या आजीनें आपला इवलासा हात धरून पहिल्यानें क्रुसाची खूण करावयास शिकविलें, तिचें नांव कोणत्याही शिलेवर कोरलेलें नाहीं. संत पौलानें मात्र तें ऋण ओळखिलें होतें. तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत त्या तरुणाच्या श्रद्धेचा उगम सांगतांना त्यानें प्रथम आजी लोईस हिचें व मग आई युनीके हिचें नांव घेतलें आहे.

या आनंदाच्या दिवशीं मला आपणांपुढें एक कबुली द्यावयाची आहे. गेल्या पावसाळ्यांत एका वृद्ध आजारी बाईस मी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलों. खाटेपाशीं तिचा अकरा वर्षांचा नातू उभा होता. तिनें क्षीण स्वरांत "नमो मरिया" म्हणावयास आरंभ केला. मुलगा गप्प राहिला. मीं कारण विचारिलें, तेव्हां तो म्हणाला, "फादर, मला ती इंग्रजींत येते. आजीची मला येत नाहीं." त्यावर म्हातारी म्हणाली, "आणि मला त्याची येत नाहीं, फादर. एका घरांत राहून आम्ही दोघें निरनिराळ्या ठिकाणीं देवाशीं बोलतों." हा मुलगा तीन वर्षें आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत बसत होता, वर्षाअखेरचें बक्षीस मींच त्याच्या हातीं दिलें होतें. प्रश्नोत्तरी त्यास मुखोद्गत होती. परंतु आजीच्या खाटेपाशीं तिच्याबरोबर प्रार्थना करतां येते कीं नाहीं, हें आम्हां शिकविणारांपैकीं कोणींही त्यास कधीं विचारिलें नव्हतें. त्या दिवशीं मी मान खालीं घालून परतलों.

वाटेनें मला आपल्याच भूमीच्या एका सुपुत्राची आठवण झाली. संत गोन्सालो गार्सिया हा वसईंत जन्मला व जपानांत ख्रिस्तासाठीं मेला, हें आपणांपैकीं लहान मूलही सांगेल. इ. स. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथें सव्वीस जणांस क्रुसावर देण्यांत आलें, त्यांत तो होता. त्याच सव्वीसांत एक पिता व पुत्र होते, मिकाएल कोझाकी व त्याचा चौदा वर्षांचा मुलगा थॉमस. मरणाच्या वाटेवर असतांना त्या मुलानें आईस पत्र लिहिलें व आपल्या धाकट्या भावांस श्रद्धेंत सांभाळण्याची विनंती केली. चौदा वर्षांच्या मुलालाही आपल्यामागें श्रद्धेचें काय होईल, ही चिंता होती. आम्हां पांढऱ्या केसांच्या माणसांस ती किती आहे?

पुढें जें घडलें तें त्याहूनही विलक्षण आहे. १६१४ मध्यें जपानांत ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंस हद्दपार करण्यांत आलें. जे लपून राहिले ते पकडले गेले, आणि १६४४ मध्यें त्यांतील शेवटच्यासही मरण आलें. मंदिर नाहीं, मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं. ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नाहीं असें दाखवावें, अशी सक्ती होती. अशा काळोखांत नागासाकीजवळच्या शेतकऱ्यांनीं व कोळ्यांनीं श्रद्धा जिवंत ठेविली. गांवांतील एकानें सणांची तिथि सांभाळावी, दुसऱ्यानें बालकांस स्नानसंस्कार द्यावा, तिसऱ्यानें घरोघर निरोप पोंचवावा, अशी त्यांची व्यवस्था होती. सात पिढ्या लोटल्यावर धर्मगुरू पुन्हां येतील, असें बास्त्यान नांवाचा उपदेशक सांगून गेला, ही परंपरा आजा नातवास सांगत आला.

अखेर धर्मगुरू आले. १८६५ च्या मार्चच्या १७ तारखेस उराकामी गांवचीं कांहीं माणसें नागासाकींतील ओउरा येथल्या नव्या मंदिरांत शिरलीं. तेथें फादर पेतीजां हे फ्रेंच धर्मगुरू होते. एका स्त्रीनें त्यांच्या कानाशीं येऊन सांगितलें, कीं आमचें व आपलें अंतःकरण एकच आहे. आणि मग पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, असें विचारिलें. सुमारें सव्वादोनशें वर्षें एकाही धर्मगुरूवांचून आयाबायांनीं व आजोबांनीं हा ठेवा पुढें दिला होता! आणि तें मंदिर त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नांवें अर्पिलेलें होतें. ज्यांनीं श्रद्धा जपली त्यांच्या घरवापसीच्या दारावर आपल्या वसईच्या पुत्राचेंही नांव होतें, हा आपला केवढा सन्मान! त्यांचे हाल तेथें संपले नाहींत. बंदी अजून उठली नव्हती, म्हणून १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांस दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलें. शेंकडों जण तेथें मेले. १८७३ मध्यें बंदी उठली तेव्हां उरलेले परत आले.

परंतु बंधूंनो, या कथेची दुसरी बाजू मीं लपविली तर मी खरा उपदेशक नव्हे. सर्वच गुप्त ख्रिस्ती पुन्हां ख्रिस्तसभेंत आले नाहींत. कित्येकांनीं पूर्वजांच्या रीति जशाच्या तशा पुढें चालविणेंच पसंत केलें. त्यांच्या प्रार्थना लॅटिन व पोर्तुगीज शब्दांच्या होत्या. कानावरून कानावर येतां येतां त्या झिजल्या व त्यांचा बराचसा अर्थ हरपला. प्रेम राहिलें, परंतु कशावर प्रेम करावयाचें तें पुसट झालें. आज असे लोक अगदीं थोडे उरले आहेत. मी त्यांस दोष देत नाहीं. त्यांच्या निष्ठेपुढें मी लहान आहें. तथापि त्यांच्याकडून एक धडा घ्यावयाचा आहे. अर्थावांचून दिलेले शब्द वारसाच्या घरांत कुलूपबंद पेटीसारखे पडून राहतात. आणि संवयीवांचून दिलेला अर्थ परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरला जातो. माझ्या बक्षीस मिळविलेल्या विद्यार्थ्याचें हें दुसरें दुखणें होतें.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हें मर्म फार पूर्वीं एकानें जाणिलें होतें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थ १५७९ मध्यें गोमंतकांत आले. जुनीं पुराणें गेल्यावर आम्हीं वाचावें काय, असें नवख्रिस्ती लोकांनीं विचारिलें, हें त्यांच्या ग्रंथांतच नमूद आहे. त्यांनीं त्या प्रश्नाबद्दल कोणास दटाविलें नाहीं. मराठी ओव्यांत "ख्रिस्तपुराण" रचिलें, व तें १६१६ मध्यें राचोल येथें छापून निघालें. प्रश्न लोकांचा होता, म्हणून उत्तरही लोकांच्या भाषेंत दिलें.

आतां आपल्या घरांकडे वळूं. आपल्या आया पहाटेच्या विरार गाडीनें कामावर जातात. मुलें शिकवणीहून दिवेलागणीनंतर येतात. मग प्रत्येकाच्या हातांत आपापला मोबाईल असतो. पूर्वींसारखी संपूर्ण जपमाळ रोज होणें कठीण आहे, हें मी जाणतों. म्हणून मी थोडेंच मागतों. रात्रीं जेवणापूर्वीं पांच मिनिटें एकत्र बसा, व एक प्रार्थना आजीच्या भाषेंत आणि एक नातवाच्या भाषेंत म्हणा. वडीलधाऱ्यांनो, केवळ "प्रार्थना कर" एवढें सांगूं नका; कोणत्या संकटांत आपण स्वतः गुडघे टेकले, आणि देव गप्प वाटला तेव्हां काय केलें, तेंही मुलांस सांगा. मुलानें शंका काढली तर त्यास उद्धट म्हणूं नका. त्यास घेऊन माझ्याकडे या, मीही त्याच्याबरोबर उत्तर शोधीन. आणि तरुणांनो, आपल्या आजोबांचें बोलणें जुनाट वाटलें, तरी ते आहेत तोंवर विचारून घ्या. उराकामीच्या त्या स्त्रीला काय विचारावयाचें तें ठाऊक होतें, कारण तिच्या आधीं कोणी तरी तें विचारलें होतें व कोणी तरी सांगितलें होतें.

त्या आजीचें पुढें काय झालें, हें आपण मनांत विचारीत असाल. मीं नातवास सांगितलें होतें, कीं रोज शाळेंतून आल्यावर आजीकडून एक ओळ शीक व तिला तुझी एक ओळ शिकव. दीड महिन्यानें ती देवाघरीं गेली. अंत्यविधीच्या आदल्या रात्रीं घरांत जपमाळ झाली. तिसरें रहस्य त्या मुलानें आजीच्या भाषेंत म्हटलें. तो दोन ठिकाणीं अडखळला. कोणीं त्यास दुरुस्त केलें नाहीं. सर्वांनीं मिळून उत्तर दिलें.

या मंदिराच्या पुढच्या महोत्सवास आपणांपैकीं पुष्कळजण येथें नसूं. त्या दिवशीं या बांकांवर कोण गुडघे टेकील, हें आज रात्रीं आपल्या घरांत ठरावयाचें आहे. संत गोन्सालो गार्सिया आपणांसाठीं विनंती करो, आणि परमेश्वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा आपल्या लहानथोरांस आशीर्वाद देवो. आमेन.