आठ महिन्यांचा कुत्रा आणि आपली हाक



भोपाळच्या इंद्रपुरीतल्या एखाद्या सेक्टरच्या बागेत पहाटे फिरायला जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. आठ-नऊ महिन्यांचा, अंगाने भरलेला पण अकलेने अजून पिल्लूच असलेला कुत्रा खारीमागे सुसाट निघतो. मागून मालक ओरडत असतात, "शेरू, ये! शेरू, आजा! अरे शेरू, कम हिअर!" शेरू वळून बघतो, म्हणजे ऐकू गेलेलं असतं. पण तो पुन्हा खारीकडे वळतो.

मालकांची तक्रार ठरलेली असते: "चार महिन्यांचा होता तेव्हा नुसतं नाव घेतलं की पायाशी यायचा. आता मुद्दाम ऐकत नाही."

या तक्रारीत तथ्य आहे. लूसी ॲशर आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी २०२० साली 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये याच विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातल्या ६९ कुत्र्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात 'बस' ही आज्ञा देऊन पाहिली. आठव्या महिन्यात ही कुत्री घरच्या माणसाचं कमी ऐकू लागली होती. गंमत अशी, की अनोळखी माणसाच्या बाबतीत अशी घसरण दिसली नाही. घरात वयात आलेली मुलं असणाऱ्यांना याचं फारसं नवल वाटू नये. दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, बारा महिन्यांच्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्यांनी ती पुन्हा शिकवण्याजोगी झाल्याचं नोंदवलं. म्हणजे हा काळ सरतो. मात्र तो सरेपर्यंत आपण हाकेचं काय करून ठेवतो, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

बहुतेक घरांत हाक बिघडते ती माणसांकडूनच. बागेत खेळ रंगात आला की हाक येते, आणि लगेच गळ्यात साखळी पडते. आंघोळ घालायची असली, औषध पाजायचं असलं, की हाक. दहा मिनिटं पळवून शेवटी बिचारा स्वतःहून आला, तर पाठीत धपाटा! कुत्रा यातून धडा घेतो, पण आपल्याला हवा तो नव्हे. पळाल्याबद्दल नाही, तर आल्याबद्दल मार बसला, एवढंच त्याला कळतं. पुढच्या वेळी तो चार हात लांबच थांबतो.

भोपाळच्या मराठी घरांत आणखी एक अडचण. आजोबा 'ये रे' म्हणतात, आई 'इकडे ये', नातू 'आजा', आणि पाहुण्यांसमोर सगळेच 'कम'. कुत्र्याने कशावर यायचं? घरातल्या सगळ्यांनी बसून एकच शब्द ठरवावा. जुना शब्द शंभरदा वाया गेला असेल, तर सरळ नवा घ्यावा. शिट्टीही चालते. तिचा एक मोठा फायदा म्हणजे मालकाचा राग तिच्यात उतरत नाही.

सुरुवात बैठकीच्या खोलीत, काहीच घडत नसताना. शब्द एकदाच उच्चारायचा. कुत्रा आला की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यायचा, रोजची पोळी नव्हे. गळपट्ट्याला हात लावायचा, आणि सोडून द्यायचं. हे सोडून देणं फार महत्त्वाचं. आलं म्हणजे मजा संपत नाही, हे त्याला पटलं पाहिजे. मग गच्ची, मग अंगण, मग बागेचा रिकामा कोपरा.

बागेत मात्र छातीच्या पट्ट्याला आठ-दहा मीटरची दोरी हवीच. ती ओढून आणण्यासाठी नसते. हाक न ऐकता पळून जाण्याची सवय लागू नये, म्हणून असते. लांब दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नये, धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. नाहीच आला, तर पुन्हा पुन्हा ओरडण्याऐवजी आपण उलट दिशेने पळावं. पाठलाग केला की कुत्र्याला तो खेळ वाटतो. आपण पळालो की तो आपल्यामागे येतो.

आणि खार? तिच्यापुढे पनीर फिकं पडतं. इथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व कामी येतं: जे करायला जास्त आवडतं, तेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस ठरू शकतं. खार झाडावर चढलेली असताना बोलवा, आला, तर "जा!" म्हणून त्याच झाडाचा बुंधा हुंगायला सोडा. कुत्री माजावर असलेल्या गल्लीत मात्र हा प्रयोग नको. वयात आलेल्या नरापुढे तिथे सगळे उपाय थकतात.

हे सगळं लाड वाटत असेल, तर आपल्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, भदभदा रस्त्यावरच्या पोलिसांच्या तेविसाव्या बटालियनकडे पाहावं. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेच्या उपक्रमातल्या वन्यजीव श्वानांच्या काही तुकड्या तिथे तयार झाल्या. वाघ-बिबट्याची कातडी आणि हाडं वासावरून शोधणारी ही कुत्री शिक्षणाला आली तीच ऐन अडनिड्या वयात, आणि त्यांचं शिक्षण नऊ-नऊ महिने चाललं. तिथेही काम फत्ते झालं की बक्षीस मिळायचं.

देशी कुत्र्यांविषयी एक सांगायलाच हवं. 'ती कुणाचीच नसतात, शिकत नाहीत' हा समज चुकीचा आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की रस्त्यावरची कुत्री अनोळखी माणसावर विश्वास टाकतात तो खाण्यापेक्षा कुरवाळण्यामुळे. तेव्हा चिकनच्या तुकड्यासोबत मानेवरून हात फिरवायला विसरू नका.

इंद्रपुरीला लागून रायसेन रोड आहे आणि त्यावरची वाहतूक कुत्र्यासाठी थांबत नाही. दिवाळीत फटाक्यांना भिऊन पळालेल्या कुत्र्याला तर कुठलीच हाक ऐकू येत नाही. शिवाय पाळलेल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये, याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून श्रोतेहो, आपला शेरू गजबजलेल्या बागेतही पहिल्या हाकेला परत यायला लागेपर्यंत ती लांब दोरी सोडू नका.