दिशा दाखविणारा सोबती
(केंद्र शिक्षण परिषदेतील भाषण)



आजच्या विषयाला ‘मार्गदर्शन’ असे काहीसे रूक्ष नाव दिलेले आहे. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे तपासणीचा शेरा उभा राहतो. मला अभिप्रेत असलेले मार्गदर्शन निराळे आहे.

दूरच्या पाड्यावरील द्विशिक्षकी शाळेत एखादा तरुण शिक्षक किंवा एखादी भगिनी नव्याने रुजू होते. गाव अनोळखी, मुलांची बोलीही अनोळखी. पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरला की हजेरीपट, अहवाल आणि पोषण आहाराच्या नोंदी एवढेच काय ते उरले, असे वाटू लागते. कामात कसूर नसते. पण मन मात्र रिते झालेले असते. अशा माणसाला उपदेश नको असतो; तो त्यास पुष्कळ मिळालेला असतो.

मग काय हवे असते? ताराबाई मोडक यांचे उदाहरण पाहावे. ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे त्यांचा संसार मोडला. पदरी लहान मुलगी होती. राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले, तेही सुटले. बाहेरून पाहणाऱ्यास आयुष्य थबकले असेच वाटले असते. याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालशिक्षणाचे प्रयोग करीत होते. १९२३ साली ताराबाई तेथे गेल्या. गिजुभाई स्वतः वकिली सोडून शिक्षक झालेले. वाट बदलणे म्हणजे काय, हे त्यांस सांगावे लागत नव्हते. त्यांनी ताराबाईंस काम दिले आणि त्या कामात ते स्वतः बरोबर राहिले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, तो याच सहकार्यातून.

येथेच ही गोष्ट संपली असती, तर मी ती सांगितलीही नसती. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीपुढे घराचा कोपरा एवढीच वाट असे. अनुताई शिक्षिका झाल्या आणि नोकरी करीत असता रात्रीच्या शाळेत शिकून मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. पस्तिशीच्या अनुताई पुण्यातील स्थिर नोकरी सोडून त्यांच्याबरोबर बोर्डीस गेल्या.

बोर्डीस मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथलाच. महागडी साधने नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पाने आणि बिया यांवर काम भागविले. पुढे कोसबाडला वारली मुले गुरांमागे रानात जात. तेथे कुरणातच शाळा भरली, ती ‘कुरणशाळा’. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताईंनी तेच काम पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत चालविले.

या दोघींच्या नात्यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. ताराबाई अठरा वर्षांनी वडील, नावलौकिक झालेल्या. तरी त्यांनी अनुताईंस पुण्यास बसवून पत्रे धाडली नाहीत. त्या त्याच गावी राहिल्या आणि त्याच अंगणांत वावरल्या. वडीलधाऱ्याने स्वतः चिखलात पाय घातला, म्हणजे धाकट्यास तो चिखल परका वाटत नाही. आपण मात्र बहुधा बांधावर उभे राहून बोलतो. (हे मी सभागृहातील खुर्चीवरून बोलत आहे, हेही खरेच.)

म्हणून माझी एक मागणी आहे. पंधरा-वीस वर्षे सेवा झालेल्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या केंद्रातील एका नव्या सहकाऱ्यास वर्षभराकरिता आपले मानावे. महिन्यातून एकदा त्याच्या शाळेत जावे. पहिल्या खेपेस त्याचा पाठ पाहू नये. आपण पाठ घ्यावा आणि त्यास पाहू द्यावे. आपला पाठ फसला तरी हरकत नाही. किंबहुना तो फसला, तर पुढचे बोलणे सोपे होईल. दुपारचा डबा त्याच्याबरोबर खावा. घरची विचारपूस करावी. मग त्याच्या वर्गातील एकच अडचण निवडून दोघांनी मिळून तीवर काम करावे. वाचन न येणारी चार मुले, एवढीही पुरे.

केंद्रप्रमुखांनी अशा जोड्यांची नावे पुढील परिषदेपूर्वी ठरवावीत. या भेटींची नोंद मात्र कोणत्याही तपासणी वहीत करू नये, एवढी माझी विनंती आहे.